शिशाची बॅटरी अर्धपोटी झोपत नाही

अहो, आज महिन्याचा पहिला रविवार. सकाळी साडेनऊला मी पडवीतल्या गाडीवरचं कापड काढलं आणि चौघडी करून खुर्चीवर ठेवलं. तुम्ही असतात तर ते गोळा होऊन कोपऱ्यात पडलं असतं, आणि त्यावरून आपलं दिवसाचं पहिलं बोलणं झालं असतं. हँडलवर दसऱ्याची झेंडूची माळ अजून आहे, वाळून दोरीसारखी झालेली. तुम्हीच घातली होतीत. त्यानंतर आठव्या दिवशी तुम्ही गेलात.

हे मी आपल्या नातवंडांसाठी, इरा आणि नीलसाठी, लिहून ठेवते आहे. त्यांना तुम्ही माहीत आहात ते फोनच्या पडद्यावरचे आजोबा म्हणून. बॅटरीचं झाकण उघडून आत टॉर्च मारायची आणि "पाहा, पाणी कुठवर आहे" असं दोघांना विचारायचं. तिकडे परदेशात पहाटेचे पाच वाजलेले असायचे. बाकीचे आजोबा त्यांना कुणीतरी सांगायला हवेत. पण त्यांना उद्देशून लिहायला बसले की माझी वाक्यं शाळेच्या सूचनाफलकासारखी होतात. म्हणून तुमच्याशीच बोलते. ते शेजारी बसून ऐकतील.

परवा मंगळवारी गडचांदूरचे एक गृहस्थ गाडी पाहायला येणार आहेत. त्यांच्या आईचे गुडघे माझ्यासारखेच आहेत म्हणे. त्यांच्या बाबाने, अमोलने, परत जाण्याआधी फोनवर सगळं ठरवलं. "आई, आता ती कोण वापरणार? उभ्या उभ्या खराब होईल," म्हणाला. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. चौदा दिवस घरात माणसं होती, स्वयंपाक होता, भांडी मोजायची होती. त्यात एका गाडीचा विषय कुठे काढायचा? मग पोराने माझ्या गप्प बसण्याचा होकार केला. हे तो तुमच्याकडून शिकला.

मुलांना गाडी आठवत असेल. लाल, तीन चाकांची, पुढे टोपली, आवाज नसलेली. निवृत्तीनंतर माझे गुडघे गेले तेव्हा तुम्ही ती आणलीत आणि फाटकाशी उभं राहून म्हणालात, "घे मॅडम, तुह्या पायाले चाकं लावले." इतरांसाठी मी बाई होते, तुमच्यासाठी मॅडम, चेष्टेत सुरू झालं आणि चाळीस वर्षं टिकलं. त्या गाडीवरून मी दर बुधवारी आणि रविवारी नाल्यावरचा पूल ओलांडून गोंडपिपरीच्या वाचनालयात जायची. अडीच किलोमीटर. तिथे सात-आठ मुली यायच्या. आम्ही मिळून इंग्रजी पेपर वाचायचो, आणि त्या मला नव्या शिव्यांचे अर्थ विचारून लाजवायच्या. तीन वर्षं हे चाललं. आयुष्यातली माझी सगळ्यात चांगली नोकरी तीच, आणि तिला पगार नव्हता.

मग मोहफुलांच्या दिवसांत पुलापलीकडच्या वस्तीतली एक बाई सकाळी फुलं वेचायला गेली आणि परत आली नाही. संध्याकाळी गावातल्या लोकांनी तिला आणलं. तुम्ही त्यांच्यात होतात. घरी आलात, हातपाय धुतलेत, आणि मला काही सांगायच्या आधी पडवीत जाऊन गाडीवर कापड टाकलंत.

"काही दिवस, मॅडम. वाघ पकडू दे."

तिसऱ्या आठवड्यात वाघ पकडला. पिंजऱ्याची गाडी आपल्याच फाटकावरून गेली. आपण दोघं फाटकाला धरून उभे होतो. पिंजऱ्यावर हिरवी ताडपत्री होती, त्यामुळे वाघ दिसला नाही, नुसती एक खरखर ऐकू आली. मी मनात म्हटलं, चला, उद्या बुधवार. बुधवारी सकाळी तुम्ही गाडीचं सीट काढून बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटर घातलंत, वायरींची टोकं ब्रशने घासलीत, आणि पुन्हा कापड टाकलंत.

मग ऊन होतं. मग पाऊस. मग सिमेंटचे ट्रक या रस्त्याने फार जायला लागले. मग माझा उजवा गुडघा. "काही दिवस" अडीच वर्षं झाले.

मी विचारलं नाही. मुलांनो, हे नीट वाचा, कारण यात आजोबांचा दोष अर्धाच आहे. मी एकवीस वर्षं मुख्याध्यापिका होते. लोक माझ्याकडे रजा मागायला यायचे. गेटच्या बाहेर जाण्यासाठी कुणाला विचारायचं असतं, हे मला जमत नव्हतं, आणि न विचारता चावी घेऊन निघायचं, तर, अहो, तुमचा त्या संध्याकाळचा चेहरा समोर यायचा. म्हणून मी आत राहिले. फाटकापासून विहिरीपर्यंत बेचाळीस पावलं, हे मी कधी मोजायला लागले आठवत नाही. वाचनालयातून पुस्तकं तुम्ही सायकलवरून आणायचात. दहातली सात मी वाचलेली असायची. "तुले आवडते ना असं," म्हणून तुम्ही ती समोर ठेवायचात आणि मी ती पुन्हा वाचायची. मुलींपैकी दोघी सुरुवातीला घरी येऊन गेल्या. मग परीक्षा आल्या, मग त्या कॉलेजला गेल्या.

आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, आदल्या शनिवारपासून, गाडीची सेवा चालूच. ते मी खिडकीतून पाहायची. आधी दोन्ही तारा सोडायच्या. चारही बॅटऱ्या एकेक करून लाकडी पाटावर ठेवायच्या, जेवायला बसवल्यासारख्या. पाटाची गरज नसते, फरशीवर ठेवल्याने बॅटरीतला चार्ज उतरत नाही, हे मी छापील कागद दाखवून सिद्ध केलं होतं. "कागदाले लिहू दे," तुम्ही म्हणालात. टोकांवरची पांढरी भुकटी सोड्याच्या पाण्याने पुसायची, व्हॅसलीन लावायचं, झाकणं उघडून पाणी पाहायचं. आधीच्या सीलबंद बॅटऱ्या तुम्ही काढूनच टाकल्या होत्या. झाकण उघडून आत पाहता येत नाही त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा, असं तुमचं म्हणणं. मग चार्जर लावायचा, पण दिवसाउजेडी. घर झोपलं की चार्जर बंद. रविवारी मीटर लावून आकडा घ्यायचा आणि पडवीच्या भिंतीवर पेन्सिलने लिहायचा. भिंतीला रंग देऊ नका म्हणून तुम्ही रंगाऱ्याशी भांडलात.

आणि त्याच रविवारी गाडी अर्धा तास बाहेर काढायची. "बॅटरीले जरा वजन द्या लागते." मला तो अर्धा तास फार लागायचा. माझी गाडी, माझ्या रस्त्याने, आणि बसलेले तुम्ही.

एकदाच मी बोलले.

"चालवायची नाही तर जपता कशाला?"

"उभी आहे म्हणून मरू द्या का तिले?"

"मलाही तसंच जपता. वेळेवर जेवण, वेळेवर औषध, वर कापड."

तुम्ही ब्रश खाली ठेवलात. "तुले कोणं बांधून ठेवलं? चावी कुठी आहे?"

"खिळ्याला."

"मंग?"

मी स्वयंपाकघरात गेले. डाळ उतू चालली होती असं म्हणाले. डाळ चुलीवर नव्हतीच. त्या भांडणाचा पुढचा भाग आपला राहिला.

आता एक कबुली द्यायची आहे. मोतीबिंदूसाठी तुम्ही नागपूरला बहिणीकडे दीड महिना होतात, तेव्हा बॅटऱ्या माझ्यावर सोपवून गेला होतात. मी आपलं नेहमीप्रमाणे शिस्तीत वाचन केलं. इंटरनेटवर एक चांगला लेख सापडला: गाडी बराच काळ उभी ठेवायची असेल तर बॅटरी अर्धीच भरून ठेवावी. नीलनेही फोनवर तेच सांगितलं, त्याच्या स्कूटरचं तसंच असतं म्हणाला. मी तसंच केलं. अर्ध्यावर आणून चार्जर काढला आणि तारीख लिहून ठेवली. तुम्ही परत आलात, डोळ्यावर हिरवा चष्मा, आणि हातपाय न धुता मीटर लावलंत. तिसऱ्या नंबरची बॅटरी खाली गेली होती.

तुम्ही ओरडला नाहीत. चार दिवस तिच्यापाशी बसून तिला थोडं थोडं भरलंत, मधे थंड होऊ दिलंत, पुन्हा भरलंत. चौथ्या दिवशी म्हणालात, "ते लिथियमचं असते, मॅडम. मोबाईलचं. ही शिशाची आहे. शिशाची बॅटरी अर्धपोटी झोपत नाई. तिले भरपेट ठेवा लागते, मंग ती वाट पाहते."

मी म्हटलं, लेखात तसं स्पष्ट लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं, कुठल्या बॅटरीबद्दल आहे ते. मी तो परिच्छेद ओलांडून पुढे गेले होते, आणि मुलींना मी आयुष्यभर सांगत आले की पहिला परिच्छेद सोडू नका. त्याहून खरं सांगायचं तर मला ती गाडी मेलेली हवी होती. मेली असती तर कुणी कुणाला काही विचारायचा प्रश्न उरला नसता. मी घरात आहे ते गाडी बंद पडली म्हणून, असं लोकांना आणि स्वतःला सांगता आलं असतं. तुम्हाला हे कळलं होतं का? त्या चार दिवसांत तुम्ही माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीत, म्हणून मला वाटतं, कळलं होतं.

इरा, नील, आता मडावीकाकांबद्दल. हे तुमच्या बाबालाही पूर्ण माहीत नाही.

आजोबा वनखात्यात नोकरीला असताना भामरागडकडच्या जंगलातल्या चौक्यांवर वायरलेसचे संच असायचे आणि ते बॅटरीवर चालायचे. पावसाळ्यात नद्या भरल्या की तिकडच्या चौक्या चार-चार महिने तुटायच्या. वाट नाही, टेलिफोन नाही; बोलायला एवढा एक डबा. पाऊस लागायच्या आधी प्रत्येक चौकीवर जाऊन बॅटऱ्या भरून, तपासून, पाणी घालून यायचं, ही आजोबांची फेरी. एका वर्षी ती फेरी त्यांनी केली नाही. रजेवर होते. बदली माणूस गेला. तीन चौक्या केल्या आणि चौथीची वाट चिखलाची म्हणून परतला. चौथीवर मडावी नावाचे गार्ड होते. श्रावणात त्यांना ताप आला. संचाचं बटण दाबलं तर दिवाही लागला नाही. नदी उतरून माणूस पोचेपर्यंत सहा दिवस गेले होते.

ती रजा आमच्या लग्नाची होती.

हे तुम्ही मला लग्नानंतर नवव्या वर्षी सांगितलंत, एका वाक्यात, बूट बांधताना, आणि फेरीवर निघून गेलात. नंतर मी किती वेळा म्हटलं, चूक त्या बदली माणसाची. तुमचं उत्तर ठरलेलं: "बॅटरीले बदली माणूस समजत नाई." मला त्याचा राग यायचा. वाटायचं, यांच्या हिशोबात मी कुठे बसते? मी आले म्हणून एक माणूस गेला, असं तर नाही ना? तेही विचारलं नाही. आपल्या घरात न विचारलेल्या गोष्टींची एक वेगळी खोली होती, तिला कुलूप नव्हतं, आणि तिच्यात आपण दोघंही जात नव्हतो.

तर आजची हकिगत.

काल शनिवारी मी चार्जर लावला. पाच आठवडे कुणी हात लावला नव्हता, मला धाकधूक होती. पाट काढला नाही, कारण बॅटऱ्या उचलणं मला जमत नाही. जागच्या जागी ठेवून टोकं पुसली, पाणी घातलं. तिसऱ्या नंबरला थोडं जास्त लागलं. संध्याकाळी हिरवा दिवा लागला. तारा काढून ठेवल्या. आज सकाळी मीटर लावलं. चौघींचा आकडा चांगला आला. पेन्सिल घेऊन भिंतीपाशी गेले आणि थांबले. तुमच्या शेवटच्या आकड्याखाली माझा आकडा लिहायचा तर अक्षर दिसणार. तुमचा सातचा आकडा माझ्या एकच्या आकड्यासारखा दिसतो.

आकड्यापुढे दर महिन्याला तुम्ही "चक्कर" लिहून खूण केली होती. म्हटलं, चक्कर राहिली आहे. ती झाल्याशिवाय ओळ पूर्ण होत नाही. मी खिळ्यावरची चावी काढली. एवढंच करायचं होतं. अडीच वर्षं लागली.

रस्ता बदलला आहे. धानाची कापणी चालू आहे, बांधावर बायका होत्या, दोघींनी मान वळवून पाहिलं. नाल्यापर्यंत मी ठीक गेले. पुलाशी आले आणि हात आपोआप ब्रेकवर गेला. पलीकडे झुडपं पूर्वीपेक्षा दाट झाली आहेत. वाघ तिथे नाही हे मला माहीत होतं, अगदी मुद्देसूद माहीत होतं, आणि गाडी पुढे जाईना. डावीकडे सुमनची टपरी आहे. हिच्या घरचे तलावात मासे धरतात, ही चहा आणि सुकट विकते. ती हात पुसत बाहेर आली.

"बाई, तुमी? म्या म्हनलं भाऊच आले का. गाडी पाहून काळीजच धसकलं माह्यं." मग म्हणाली, "तुमीबी इथीच थांबल्या. भाऊसारख्या."

"ते इथे थांबायचे?"

"दर महिन्याले. इथी गाडी लावाची, चा प्याचा, पुलाकडं पाहाचं, अन् वापस. सायकलनं जात, पन ह्या गाडीवर पलीकडं एकडावबी नाई गेले. म्या म्हनलं, भाऊ, वाघ नेऊन किती दिस झाले, काऊन भेता? तं म्हने, भेत नाई सुमन, पाहून राह्यलो."

"काय पाहत होते?"

"तेच म्या पुसलं. तं म्हने, मॅडमले इथून धाडाचं आहे." तिने माझ्या हातात चहाचा ग्लास दिला. "दर बारीले म्हने, या महिन्यात नाई, पुढच्या. म्या हासायची. म्हनलं, तुमची मॅडम म्हातारी होऊन जाईन. तं म्हने, थे तं झालीच आहे."

मी चहा प्यायला. फार गोड होता. तुम्हाला डॉक्टरांनी साखर बंद केली होती, तीसुद्धा इथेच चालू होती, हेही कळलं.

म्हणजे मी खिडकीत बसून ज्या अर्ध्या तासाचा हेवा करत होते, तो तुम्ही या टपरीपाशी काढत होतात. मी घरात अडकलेली, तुम्ही पुलावर. चौथ्या चौकीची वाट तुम्ही त्या वर्षी चालला नव्हतात, आणि त्यानंतर दुसऱ्याला पुढे पाठवण्याआधी तुमचं तपासणं कधी संपलंच नाही. आज तुमची फेरी पूर्ण झाली, असं काही मी म्हणणार नाही. असली वाक्यं तुम्हाला आवडत नसत. पण एक सांगते. त्या दिवशी डाळ उतू जात नव्हती. मी परत बाहेर येऊन म्हटलं असतं, चला, तुम्ही मागे सायकलवर या, मी पुढे गाडीवर, तर तुम्ही आला असतात. हे मला आता वाटतं. तेव्हा मी तुम्हाला फक्त पहारेकरी समजत होते.

सुमन म्हणाली, "येऊ का बाई, पुलापर्यंत?" मी नको म्हटलं. मग म्हटलं, ये. ती टपरी उघडी टाकून गाडीच्या बाजूने चालली, पुलाच्या मधोमध थांबली आणि म्हणाली, "आता जा. मी इथी हावो." मी गेले.

वाचनालय बंद होतं. रविवारी आता उघडत नाहीत म्हणे, वर्ष झालं. हे तुम्हाला माहीत असणार. पुस्तकं तुम्हीच आणत होतात. सांगितलं नाहीत. पायरीवर पंधरा मिनिटं बसले आणि परत आले. येताना सुमन तिथेच होती, पुलाच्या कठड्याला टेकून.

घरी येऊन अमोलला फोन केला. मंगळवारी त्या गृहस्थांना पाठवू नकोस म्हटलं. तो म्हणाला, "आई, एकटी त्या रस्त्याने? त्यापेक्षा इकडेच ये ना, काही दिवस." मी म्हटलं, "तुझ्या बाबांचे काही दिवस मी पाहिले आहेत." तो गप्प झाला. या वेळी मी त्याच्या गप्प बसण्याचा होकार केला.

घर आहे तेवढंच आहे. फाटकापासून विहीर बेचाळीस पावलं, तुमच्या चपला दाराशी, कोपऱ्यात पाट. एका चकरेने काही उघडत नाही, हे मला माहीत आहे. बुधवारी काय होईल तेही माहीत नाही. कदाचित पुलाशी पुन्हा सुमनला हाक मारावी लागेल.

भिंतीवर लिहिलं. तुमच्या आकड्याखाली माझा, आणि पुढे: चक्कर, पुलापलीकडे. अक्षर दिसतंय, दिसू दे.

गाडी आल्या आल्या चार्जिंगला लावायची नाही, आधी अर्धा तास थंड होऊ द्यायची, हा तुमचा नियम. त्या अर्ध्या तासात हे सगळं लिहून होईल असं वाटलं होतं. दोन तास झाले आहेत. अजून ऊन आहे. उठते आणि तिला भरपेट करते.